द्रौपदी गुंडाळून ठेवली, त्याची गोष्ट

गेल्या वर्षी गणपतीच्या महिनाभर आधी आमच्या मंडळात एक वाद पेटला आणि विसर्जन झालं तरी तो शमलेला नाही. दांडिया बाजाराच्या आमच्या भागातल्या मंडळानं ठरवलं होतं, की या खेपेची सजावट राजा रविवर्म्यांच्या बडोद्याच्या चित्रांची करायची. शहर बडोदा, चित्रं बडोद्याच्या महाराजांनी करवून घेतलेली आणि बघणारी माणसं इथं चार-चार पिढ्या काढलेल्या मराठी घरांतली. पाच चित्रं निवडली, मोठ्या फ्लेक्सवर छापूनही आली. त्यात द्रौपदीवस्त्रहरण होतं. मग बैठकीत एका तरुण मुलानं विचारलं, "पुराणातल्या बायका नऊवारी नेसत होत्या का? हे सगळं साहेबाच्या नजरेनं रंगवलेलं आहे. आपण ते आपलं म्हणून का मिरवायचं?" ज्येष्ठ मंडळी उसळली. "ज्या माणसानं आपल्या देवांना चेहरा दिला, त्याच्याबद्दल असं बोलायचं नाही," असं एका काकांनी ठणकावलं. दोन तास आवाज चढत राहिले. शेवटी तोडगा निघाला तो असा: वादाची चित्रं काढून टाकायची, लक्ष्मी आणि सरस्वती लावायच्या. द्रौपदीची गुंडाळी झाली. कारण दिलं गेलं, की शुभकार्यात असला प्रसंग नको.

मी त्या बैठकीत होते आणि गप्प बसले, याची मला खंत आहे. म्हणून आता सविस्तर लिहिते. माझं म्हणणं असं, की दोन्ही बाजूंनी चित्राऐवजी चित्राच्या कपड्यांवर वाद घातला. एका बाजूला साडी खोटी वाटली, दुसऱ्या बाजूला साडीसकट सगळं पवित्र वाटलं. चित्रात काय घडतंय, कोण कुणाकडे बघतंय, कोण बघत नाही, हे कुणी विचारलंच नाही. रविवर्म्यांवर घ्यायचा खरा आक्षेप आहे, तो मी पुढे घेणारही आहे. पण तो नऊवारीचा नाही आणि तैलरंगाचाही नाही.

आधी ही चित्रं इथं आली कशी ते सांगायला हवं, कारण 'आपलं' आणि 'परकं' या शब्दांचा निकाल त्यातच बराचसा लागतो. रविवर्म्यांचा जन्म १८४८ चा, त्रावणकोर संस्थानातल्या किळिमानूरचा. त्यांना बडोद्याला आणण्यामागे होते सर टी. माधवराव. हे माधवराव कोण? कुंभकोणमला जन्मलेले तंजावरी मराठी माणूस, आधी त्रावणकोरचे दिवाण, १८७५ पासून बडोद्याचे दिवाण. १८८१ साली सयाजीराव महाराजांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले, त्या समारंभाच्या निमित्तानं रविवर्मा इथं आले आणि काही महिने राहिले. त्याच्या आदल्याच वर्षी महाराजांचं लग्न तंजावरच्या मोहित्यांच्या मुलीशी झालं होतं आणि तिच्याबरोबर तंजावरच्या नर्तकीही बडोद्याला आल्या होत्या. म्हणजे गुजरातच्या मातीवरचं मराठी राज्य, त्याचा दिवाण तमिळ मुलखातला मराठी, राणी तंजावरची, दरबारात भरतनाट्यम आणि चित्रकार मल्याळी. पुढे १८८८ मध्ये महाराजांनी नव्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या दरबारासाठी चौदा पौराणिक चित्रांचं काम दिलं. ते हाती घेताना रविवर्मा आणि त्यांचे भाऊ राजराज वर्मा यांनी उत्तर हिंदुस्थानाचा मोठा प्रवास केला. हेतू असा, की रामायण-महाभारतातल्या माणसांना सगळ्या देशाला ओळखीचा वाटेल असा पोशाख शोधावा. असा एक पोशाख मिळण्यासारखा नव्हताच. प्रत्येक प्रांताचं नेसणं वेगळं. मग त्यांनी साडी निवडली, आणि पुष्कळ ठिकाणी ती मराठी पद्धतीनं नेसवली. १८९० साली चित्रं पुरी झाली, बडोद्यात लोकांसाठी खुली ठेवली गेली आणि बघायला गर्दी लोटली.

आता नऊवारीचा आक्षेप. पुराणकाळी नऊवारी नव्हती, हे उघड आहे. पण पुराणाला पुराणकाळचा पोशाख घातलाच पाहिजे, हा नियम आपल्या परंपरेत कुठं होता? अजिंठ्याच्या भिंतींवर जातककथा आहेत, बोधिसत्त्वाच्या मागच्या जन्मांच्या. त्यातले राजवाडे, दागिने, केशभूषा, दासी हे सगळं वाकाटक राजांच्या काळातलं आहे. त्या कारागिरांनी 'बोधिसत्त्वाच्या जन्मी नेमका कसला मुकुट होता' असा शोध घेत बसायचं होतं का? एकनाथांनी १५७१ साली काशीत रुक्मिणीस्वयंवर पुरं केलं. त्यात द्वारकेच्या कृष्णाचं विदर्भाच्या राजकन्येशी लग्न लागतं ते अस्सल मराठी घरातलं लग्न आहे. तेच विधी, तीच रुसवेफुगव्यांची धांदल, तीच वऱ्हाडाची सरबराई. आणि जात्यावरच्या ओव्या? तिथली सीता वनवासाला जाते ती सासुरवाशीण म्हणून. रानात तिच्या बाळंतपणाला सुईण कोण येणार, पाणी कोण तापवणार, बाळाला पाळणा कशाचा बांधायचा, याची काळजी दळणाऱ्या बाया करतात. वाल्मीकींनी ज्याची चौकशी केली नाही ती चौकशी आमच्या आज्यांनी केली. त्या आज्यांच्या डोळ्यांपुढची सीता नऊवारीतच होती. रविवर्म्यांनी कुंचला हातात घेण्याआधी मराठी भाषेनं सीतेला नऊवारी नेसवून कितीतरी पिढ्या झाल्या होत्या. मग चूक चित्रकाराची धरायची, तर एकनाथांचीही धरा, आणि जात्यावर बसलेल्या प्रत्येक बाईचीही धरा.

दुसरीकडची एक गोष्ट सांगते. १५७३ साली व्हेनिसमध्ये पाओलो व्हेरोनेझे या चित्रकाराला धर्मन्यायालयापुढे उभं केलं होतं. त्यानं येशूच्या शेवटच्या भोजनाचं भलंमोठं चित्र काढलं आणि त्यात व्हेनिसचे उमराव, विदूषक, हत्यारबंद जर्मन शिपाई असे सगळे घातले. न्यायाधीशांनी विचारलं, ही माणसं तिथं कशी? त्यानं उत्तर दिलं, की कवी आणि वेडे जी मोकळीक घेतात तीच आम्ही चित्रकार घेतो. चित्र दुरुस्त करायचा हुकूम झाला. त्यानं चित्र तसंच ठेवलं आणि नाव बदललं: लेवीच्या घरची मेजवानी. आज ते बघताना तो प्रश्न विचारणारी माणसं आपल्याला कशी वाटतात? आणि आपण आपल्या बैठकीत नेमकं त्यांच्याच खुर्चीवर बसलो, हे आपल्या लक्षात आलं का?

तैलरंग, उजेड-सावलीची पद्धत, खोलीचा आभास हे परदेशातून आलं, हा आक्षेप मला फार वेळ थांबण्यासारखा वाटत नाही. रविवर्म्यांनी ते एखाद्या विलायती शाळेत जाऊन घेतलेलं नाही. त्रावणकोरच्या दरबारात थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार आला होता, त्याचं काम बघून, बरंचसं स्वतःच्या धडपडीवर त्यांनी ते आत्मसात केलं. परदेशातूनच आलेल्या पेटीशिवाय नाट्यसंगीताची कल्पना करून बघा. एकादशीची साबुदाण्याची खिचडी घ्या: ज्यापासून साबुदाणा होतो तो कंद, त्यातला बटाटा, मिरची, शेंगदाणा, सगळं अमेरिकेतून समुद्र ओलांडून आलेलं, आणि ते खाल्ल्यानं आपला उपास मोडत नाही. वस्तू कुठून आली यापेक्षा तिचं आपण काय केलं, हे बघायला नको का?

पण विरोधकांचं सगळं इतक्या सहज उडवून लावता येणार नाही. त्यांच्या बाजूनं कलासमीक्षक आनंद कुमारस्वामी आणि विवेकानंदांच्या शिष्या भगिनी निवेदिता यांच्यासारखी माणसं उभी आहेत. रविवर्मा १९०६ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी निवेदितांनी त्यांच्या पत्र लिहिणाऱ्या शकुंतलेच्या पालथं पडून लिहिण्यावर कडक टीका केली. कुमारस्वामींना ही चित्रं नाटकी वाटली, भारतीय जाणिवेची उणीव असलेली वाटली. नाटकीपणाचा मुद्दा खरा आहे. दरबारातल्या चित्रांत हात ज्या तऱ्हेनं उगारले जातात, माना ज्या तऱ्हेनं वळतात, ती रंगभूमीची भाषा आहे. आणखी एक नुकसान झालं, ज्याबद्दल कमी बोललं जातं. आपल्या जुन्या चित्रांत काळ वाहत असायचा. अजिंठ्याच्या एकाच भिंतीवर तोच माणूस चार ठिकाणी चार प्रसंगांत भेटतो. पिंगुळीचे चित्रकथी एकामागून एक चित्र पुढे धरत गाऊन गोष्ट सांगायचे. रविवर्म्यांनी ही गोष्ट एका क्षणावर थांबवली. मागचं-पुढचं सगळं बघणाऱ्यानं मनात आणायचं. ज्याला कथा ठाऊक नाही त्याला चित्र मुकं. हे मी मान्य करते.

पण नाटकीपणा हा दोष म्हणून सांगताना आपण मराठी माणसांनी तरी जरा थांबावं. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं शाकुंतल आलं, १८८२ साली सौभद्र. त्या सौभद्राची सुभद्रा गाजवली भाऊराव कोल्हटकरांनी, आणि भाऊराव जन्मले या बडोद्यात. अर्जुन-सुभद्रा हे रविवर्म्यांच्या बडोद्याच्या चित्रांतलं एक चित्र. त्या काळात पुराण लोकांपर्यंत पोचत होतं ते कीर्तनातून आणि रंगभूमीवरून. चित्रकारानं प्रेक्षकाच्या ओळखीची भाषा घेतली. आणि त्या भाषेत केवढी धग होती ते पुढे दिसलं. खाडिलकरांचं कीचकवध १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं. त्यातला कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन आणि छळली जाणारी सैरंध्री म्हणजे हा देश, हे प्रेक्षकाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. सरकारलाही ते समजलं आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. सैरंध्री-कीचकाचं चित्र लक्ष्मीविलासच्या त्या चौदा चित्रांत आहे, नाटकाच्या सतरा वर्षं आधीचं. पुराण जर फक्त पुराणकाळाच्या कपड्यांत बंद करून ठेवलं असतं, तर त्याची भीती कुठल्या सरकारला वाटली असती?

आता त्या चौदा चित्रांची निवड बघा. माझ्या म्हणण्याचा गाभा इथं आहे. राजाच्या दरबारासाठी चित्रं काढायची, तर काय काढता आलं असतं? रामराज्याभिषेक, अश्वमेध, रावणवध, विजयाचे शंभर प्रसंग. पण इथं आहे काय? मूल घेऊन निघालेली गंगा, आणि वचनानं तोंड बांधलेला असूनही तिला अडवू बघणारा शंतनू. तोच शंतनू पुढे मत्स्यगंधेपुढे. त्याच्या त्या एका इच्छेची किंमत मुलानं आजन्म ब्रह्मचर्यानं फेडली आणि अंबेनं आयुष्य देऊन. रानात दमयंतीला टाकून जाणारा नळ. शब्द पाळण्यासाठी बायको विकणारा हरिश्चंद्र, आणि तारामती. कंसाची आणि देवकीची चित्रं. कीचकाकडे पाठवलेली सैरंध्री. आणि भर सभेत द्रौपदी. हे योगायोगानं जमलं असं मला वाटत नाही. राजे वचन देतात, जुगारात हरतात, मोहात पडतात, आणि किंमत मोजते ती शेजारी उभी असलेली बाई. हे प्रसंग महाराजांनी आपल्या दरबारासाठी घेतले. येणाऱ्या प्रत्येक सरदाराला, इंग्रज सरकारच्या रेसिडेंटला आणि स्वतः राजाला दिसतील असे. सगळ्या मुलांना सक्तीचं शिक्षण देणाऱ्या राजाच्या दरबारासाठी अशी निवड व्हावी, यात मला खोल अर्थ दिसतो.

हे लक्षात घेतलं, की आमच्या मंडळानं काय केलं ते कळतं. आम्ही द्रौपदी काढली आणि लक्ष्मी लावली. द्रौपदीनं सभेत विचारलेला प्रश्न, आधी स्वतःला हरलेला माणूस मला पणाला कसा लावतो, हा महाभारतातला सर्वांत अवघड प्रश्न आहे. भीष्मांनाही त्याचं सरळ उत्तर देता आलं नाही. आणि आम्ही म्हणालो, शुभकार्यात नको. प्रश्न विचारणारी बाई कुरुसभेत नकोशी होती, आमच्या मांडवातही नकोशी झाली. नऊवारीच्या वादानं आम्हाला या गोष्टीपासून डोळे वळवायला निमित्त दिलं, एवढंच त्याचं काम झालं. तरुण मुलाला वाटलं आपण वसाहतवादाशी लढलो, काकांना वाटलं आपण धर्म राखला. द्रौपदीच्या बाजूनं कोण बोललं?

आता खरा आक्षेप. तो रंगाचा आहे. महाभारतात द्रौपदी यज्ञवेदीतून वर येते ती सावळी. तिचं नावच कृष्णा. मत्स्यगंधा, म्हणजे सत्यवती, तिचं एक नाव काली. तिचा मुलगा व्यास, कृष्णद्वैपायन. म्हणजे महाभारत सांगणारा काळा, ते पेलून नेणारा श्रीकृष्ण काळा, आणि ज्या बाईच्या अपमानावर सगळं उलटलं ती काळी. हा ग्रंथ काळ्यासावळ्या माणसांचा आहे. रविवर्मा संस्कृत जाणणाऱ्या घरात वाढले, या नावांचे अर्थ त्यांना माहीत नसणं शक्य नाही. तरी त्यांची द्रौपदी उजळ आहे आणि कोळ्याच्या घरात वाढलेली मत्स्यगंधाही. त्यांना सावळी कातडी रंगवता येत नव्हती म्हणावं, तर १८९३ च्या शिकागोच्या प्रदर्शनाला त्यांनी पाठवलेल्या दहा चित्रांत भटक्या कुटुंबाचं चित्र आहे, आणि तिथं सावळेपण त्यांनी फार जीव लावून रंगवलं आहे. सावळेपण गरिबाला मिळालं, राणीला मिळालं नाही. हा दोष आहे आणि तो लहान नाही. 'तेव्हाचा समाजच तसा होता' एवढ्यानं तो धुतला जात नाही, कारण इथं ग्रंथच चित्रकाराच्या विरोधात साक्ष देतो. आपल्या घरातल्या किती मुलींनी देव्हाऱ्यावरची गोरी देवी बघत स्वतःच्या रंगाची लाज बाळगली असेल? मी सावळी आहे. लहानपणी लग्नकार्यात मला मागच्या रांगेत बसवलं जायचं, ते मी विसरलेले नाही. त्या वयात जर कुणी सांगितलं असतं, की महाभारतातली सर्वांत देखणी बाई तुझ्या रंगाची होती!

पण या दोषाचा इलाज कुठला? चित्र उतरवणं हा मला इलाज वाटत नाही, कारण या चित्रांनी, विशेषतः त्यांच्या छापील प्रतींनी, आणखीही एक गोष्ट केली आहे. १८९४ मध्ये रविवर्म्यांनी मुंबईत गिरगावला छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला. देवादिकांची रंगीत चित्रं त्याआधीही छापली जात होती. पुण्याची चित्रशाळा १८७८ ची. पण रविवर्मा छापखान्यानं ती कुठल्या कुठं नेली. आता १९३० चा मार्च डोळ्यांपुढे आणा. नाशकात काळारामाच्या दारात बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं उभी आहेत आणि दार बंद आहे. खुद्द रविवर्म्यांच्या त्रावणकोरात देवळं सगळ्या हिंदूंना खुली झाली ती १९३६ साली. त्याच्या कितीतरी आधी, ज्यांना गाभाऱ्याजवळ जाण्याचीच काय, आवारात शिरण्याची परवानगी नव्हती, त्यांना बाजारात चार पैसे टाकून राम, कृष्ण, लक्ष्मी घरी नेता येत होती. पुजाऱ्याला न विचारता. हे त्या कागदाचं मोल आहे. त्या कागदावरचा चेहरा गोरा होता, हे त्याच कागदाचं वैगुण्य आहे. दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि मला वाटतं या अस्वस्थतेतून सुटका करून घ्यायची घाई आपण करू नये.

आणखी एक आरोप असा, की या छापील चेहऱ्यांनी आपल्या बाकीच्या चित्रपरंपरा बुडवल्या. काही अंशी तेही खरं. पैठणची, पिंगुळीची चित्रकला ज्या घरांत बघितली जायची तिथं कॅलेंडर आलं. पण बुडवलं कुणी? छापखान्यानं एक पर्याय दिला. 'हाच देवाचा चेहरा, दुसरा नाही' असं ठरवलं ते बघणाऱ्यांनी, म्हणजे आपण. एका माणसाच्या कल्पनेला आपण देवाचा फोटो मानून बसलो. आमच्या बैठकीतले काका म्हणाले ना, ज्यांनी देवाला चेहरा दिला! काकांबद्दल मला आदर आहे, पण हेच वाक्य मला सर्वांत जास्त खटकलं. देवाला चेहरा तुकोबांनीही दिला, जनाबाईनंही दिला. तिचा विठ्ठल तर तिच्याबरोबर दळायला बसला. चेहरा देण्याचं काम एकदा होऊन संपत नाही.

आणि हे कळायला बडोद्यासारखं शहर नाही. रावपुऱ्यात तांबेकर वाडा आहे. १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा. चार मजली लाकडी वाडा आणि आत भिंतीभर चित्रं: कृष्णलीला, महाभारत, मराठे आणि इंग्रजांची लढाई, नथ घातलेल्या मराठी बायका, मधूनच एखादा टोपीवाला साहेब. तिथं पुराण आणि रोजचं जगणं एकाच भिंतीवर शेजारी राहतं, त्यांच्यात कुंपण नाही. तिथून थोड्या अंतरावर गायकवाड घराण्याचं कीर्तिमंदिर. १९३९ ते १९४६ या वर्षांत नंदलाल बोस शांतिनिकेतनहून येऊन तिथल्या चार भिंती रंगवून गेले: गंगावतरण, कुरुक्षेत्र, मीराबाई आणि रवींद्रनाथांच्या नाटकावरची नटीर पूजा. नंदलाल म्हणजे बंगालचे चित्रकार अवनींद्रनाथ टागोरांचे शिष्य. रविवर्म्यांच्या रीतीला नाकारूनच जी चळवळ उभी राहिली तिचे अग्रणी. रेषा वाहती, रंग मातीचे, उजेड-सावलीचा आभास नाही, माणसांची गर्दी नदीसारखी पुढे सरकणारी. ज्या घराण्यानं रविवर्म्यांना बोलावलं, त्याच घराण्याच्या स्मारकावर त्यांच्या विरोधकाचा हात फिरला. विश्वामित्रीच्या काठच्या या शहरात दोन्ही पक्ष मुक्कामाला आले आणि दोघांचंही काम आजही उभं आहे. पुढे १९५० मध्ये इथं ललितकला विद्याशाखा सुरू झाली. इंदूरला जन्मलेले ना. श्री. बेंद्रे तिथं शिकवायला आले, शांतिनिकेतनात घडलेले के. जी. सुब्रमण्यन आले, आणि त्यांनी या दोन्ही वारशांशी विद्यार्थ्यांना भांडायला शिकवलं.

याच विद्याशाखेत २००७ साली एका विद्यार्थ्याच्या परीक्षेच्या चित्रांवरून गदारोळ होऊन त्याला अटक झाली होती, हेही आठवायला हवं. 'भावना दुखावल्या' म्हणून चित्र उतरवणं आणि 'वसाहतवादी आहे' म्हणून चित्र उतरवणं यांचे झेंडे वेगळे. पण हात दोघांचेही खिळ्याकडेच जातात. चित्राशी वाद घालायला दुसरं चित्र लागतं. नंदलालांनी रविवर्म्यांना उत्तर दिलं ते भिंत रंगवून. रविवर्म्यांची भिंत पुसायला ते गेले नाहीत.

मी गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातली काही मुलं घेऊन या तिन्ही जागा दाखवल्या. एका सकाळी रिक्षानं सहज होतं. तांबेकर वाड्यात रंगाचे पोपडे सुटलेले बघून मुलं हळहळली. ती इमारत पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तरी तिच्याविषयी या शहरातल्या मराठी माणसानं जितकं बोलायला हवं त्याच्या शतांशही तो बोलत नाही. आम्ही नऊवारीवर दोन तास भांडलो, त्यातला अर्धा तास जरी या वाड्याला दिला असता! कीर्तिमंदिरात मुलं कुरुक्षेत्राच्या भिंतीखाली बराच वेळ मान वर करून उभी राहिली. आणि राजवाड्याच्या आवारातल्या फत्तेसिंह संग्रहालयात रविवर्म्यांच्या चित्रांपुढे एका सातवीतल्या मुलीनं मला विचारलं, "आजी, एवढे सगळे मोठे लोक बसलेत, मग कुणी उठत का नाही?" तिला साडी किती वारी आहे हे विचारावंसं वाटलं नाही. एकशे तीसहून अधिक वर्षांपूर्वी रंगवलेल्या चित्रानं तिला जे विचारायला लावलं, त्यासाठीच ते रंगवलं होतं, असं मी मानते.

यंदाची बैठक पुढच्या रविवारी आहे. या वेळी मी गप्प बसणार नाही. गेल्या वर्षी छापलेली द्रौपदी मंडळाच्या कपाटावर गुंडाळलेली पडून आहे, नव्यानं छापायचा खर्चही नाही. ती मांडवाच्या आत कुठंतरी कोपऱ्यात नको. प्रवेशाच्या डाव्या हाताला, आत येणाऱ्याला गणपतीच्या आधी दिसेल अशी लावायची. तिच्या शेजारी तेवढ्याच मापाचा कोरा कापडी पडदा ताणायचा आणि दहा दिवस मुलांच्या हाती रंग द्यायचे: कृष्णा काढा, तुम्हाला दिसते तशी. साडी कुठली, ते त्यांचं त्यांनी ठरवावं. रंगाच्या सामानाची यादी करताना काळा आणि तपकिरी जास्त आणायला मी सांगणार आहे.